बैलाची खांद आणि अकरा महिन्यांची ऑर्डर

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 34 वर्षांच्या आहेत. पश्चिम विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या आठ वर्षांपासून कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. अकरा महिन्यांची नेमणुकीची ऑर्डर, मधे एखाद-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. घरी चार एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीन. दर महिन्याला येणारा पैसा म्हणजे यांचा पगार. सध्याची ऑर्डर काही महिन्यांत संपते. त्या लिहितात, "नाही म्हटलं तर नाव कटेल, या भीतीनं मी प्रत्येक कामाला हो म्हणते. मागच्या महिन्यात आश्रमशाळेच्या सिकलसेल शिबिरात एका दिवसात 140 मुलं तपासली. ऑनलाइन नोंदी माझ्याकडे, फोटो माझ्याकडे. संध्याकाळी लक्षात आलं की एकाच नावाच्या दोन मुलींचे निकाल अदलाबदल झाले असावेत. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडचे एक पर्मनंट कर्मचारी अकरा वाजता येतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझे भाऊ म्हणतात, पर्मनंट झाल्यावर थोडंच कोनी काम करते, तुह्या डोक्यावर टांगती तलवार आहे म्हणून तू काम करतं. हे खरं आहे का? भीती गेली तर मीही तशीच होईन का?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक तुम्ही विचारला आहे आणि दुसरा सांगता सांगता लिहून गेला आहात. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो थांबू शकत नाही.

त्या दोन मुलींबद्दल उद्या सकाळी, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, तुमच्या एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, सांगा. तोंडी सांगा आणि एका कागदावर लिहूनही द्या: शिबिराची तारीख, दोन्ही अनुक्रमांक, शंका कशावरून आली आणि दोघींची तपासणी पुन्हा करावी ही विनंती. पाच-सहा ओळी पुरेत, माफीनामा लिहू नका.

शिबिरातली पहिली, सॉल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मुलगी वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो) की आजारी, हे कळायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. अदलाबदल झाली असेल, तर जिला चुकून पॉझिटिव्ह ठरवलं तिचं रक्त पुढच्या चाचणीला जाईल आणि निकाल नॉर्मल येईल. सगळे म्हणतील, पहिली चाचणी चुकली असेल, सोडून द्या, आणि तिथे तो विषय संपेल. पण जी खरी पॉझिटिव्ह आहे तिला कुणी शोधणार नाही. तिच्या हातात नॉर्मलचा कागद आहे. उद्या तिचे सांधे दुखले, ताप आला, तर तो कागद पाहून पुढचा डॉक्टरही दुसरीकडेच बघेल. ती वाहक असेल आणि पुढे तिचं लग्न दुसऱ्या वाहकाशी झालं, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट तिनं ठेवलं. एवढ्या मोठ्या आकड्यात एक मुलगी हरवणं अगदी सोपं आहे. तिला परत आणू शकेल अशी व्यक्ती सध्या एकच आहे, आणि ती तुम्ही आहात.

दोघींना पुन्हा बोलावताना वर्गात नाव पुकारू नका. "काही मुलींचं रक्त पुन्हा घ्यायचं आहे" म्हणून सात-आठ जणींना एकत्र बोलवा. सिकलसेल म्हटलं की आपल्याकडे मुलीच्या लग्नाची चर्चा आधी सुरू होते आणि उपचाराची मागाहून.

आता तुमचा प्रश्न.

मी सातवी-आठवीत असेन. आमच्याकडे एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, होते, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. सालदाराचं साल पाडव्याला ठरतं आणि पाडव्याला संपतं, हे तुम्हाला सांगायला नको. अकरा महिन्यांची ऑर्डर ऐकली की मला तेच आठवतं. एका वर्षी गावात बातमी पसरली की आमचे बाबा बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेणार. ते खरं नव्हतं, पण काकांच्या कानावर गेलं. त्या वर्षी काकांइतकं काम गावात कुणी केलं नसेल. तांबडं फुटायच्या आधी गोठ्यात, दिवेलागण झाली तरी वावरात. बाबा धुऱ्यावर उभे दिसले की त्यांच्या डवऱ्याचा वेग वाढायचा. आजी म्हणायची, यंदा याच्या अंगात काय संचारलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. संध्याकाळी आजी हळद-तूप घेऊन बैलाच्या खांद्याला हात लावायला गेली आणि बैल दचकून मागे सरला. खांद सुजून फुटली होती. काकांना ते दोन आठवड्यांपासून माहीत होतं. वरून तेल-हळद लावून, जुवाखाली फडकं घालून ते रोज तोच बैल जुंपत होते. बाबांनी विचारलं, सांगितलं का नाही? काका म्हणाले, "सांगतलं असतं तं पाडव्याले तुम्ही मले ठेवलं नसतं."

भीतीनं त्यांचं काम कमी झालं नव्हतं. उलट वाढलं होतं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना दिसेल असं वाढलं होतं. पण जे दिसत नाही, म्हणजे जखम वेळेवर ओळखून "आज हा बैल जुंपू नका" असं मालकाला सांगणं, ते बंद झालं होतं. शेतातलं खरं महत्त्वाचं काम तेच होतं.

तुमच्या शिबिरात झालं ते यापेक्षा वेगळं नाही. 140 नमुने, ऑनलाइन नोंदी आणि फोटो. यातली दोन कामं साहेबांना दिसतात. नळीवरचा क्रमांक आणि रजिस्टरवरचा क्रमांक एकच आहे ना, हे तिसरं काम कुणालाच दिसत नाही. भीतीत माणूस दिसणारं काम आधी करतं. चूक झाल्यावर तुम्ही गप्प बसलात त्यामागेही तीच भीती होती. एवढ्यावरून तुम्ही वाईट तंत्रज्ञ ठरत नाही. पण "टांगती तलवार आहे म्हणून मी चांगलं काम करते" हे मात्र तुम्ही स्वतःबद्दल म्हणू नका. तलवारीमुळे तुम्ही जास्त काम करता, हे खरं. तुमचं चांगलं काम मात्र तलवार असूनही होत आलं आहे.

कापसाच्या वेचणीला हे सगळ्यात लवकर दिसतं. वेचणी किलोवर असते, आणि उद्या बोलावतील की नाही याची खात्री नसेल तर हात भरभर चालतात. वजन वाढतं. पण पाला येतो, काडी येते, कवडी (किडका कापूस) वेगळी निघत नाही, आणि भाव करताना व्यापारी नेमकं त्यावरच बोट ठेवतो. अमेरिकेत ताहिरा प्रॉब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2001 मध्ये अन्नप्रक्रिया कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नोकरी जाण्याची धास्ती होती ते सुरक्षेचे नियम कमी पाळत होते, आणि त्यातून इजा जास्त होत होत्या. खांबावर चढणारा एजन्सीचा लाइनमन, खाणीतला ठेकेदाराचा माणूस आणि प्रयोगशाळेतल्या तुम्ही, या सगळ्यांच्या कामात नियम म्हणजेच काम असतं. तिथे वेगाचं कौतुक करणं धोक्याचं आहे.

भावाचं दुसरं वाक्य, पर्मनंट झाल्यावर कुणी काम करत नाही. अकरा वाजता येणारा एक माणूस पाहून ते म्हणाले, आणि मलाही तो माणूस पटत नाही. पण आपल्या भागात तुम्ही अशा कायम नर्सबाईही पाहिल्या असतील, ज्या नाल्याला पूर असताना खांद्यावर लसीचा डबा घेऊन पलीकडे गेल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर कुणाची तलवार होती? अकरा वाजता येणाऱ्याला कुणी विचारत नाही, हा न विचारणाऱ्याचा दोष आहे. नोकरीची शाश्वती आणि जबाबदारीचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एका पोत्यात भरतो आणि मग कंत्राटी पद्धत कशी बरोबर आहे हे एकमेकांना पटवत बसतो. त्या पद्धतीत पोळलेल्या बाईनंही ते स्वतःला पटवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट एक गोष्ट तुम्हाला नवल वाटेल अशी आहे. हान्स डे विटे आणि कॅथरिना नेस्वाल यांनी बेल्जियम, इटली, नेदरलँड्स आणि स्वीडन या चार देशांतल्या कामगारांची माहिती तपासून 2003 मध्ये लिहिलं की नोकरीची धास्ती वाटू लागली की समाधान आणि कामाच्या जागेबद्दलची आपुलकी घटते ती मुख्यतः कायम कामगारांमध्ये. तात्पुरत्या कामगारांमध्ये तशी घट दिसली नाही. यामागचं एक स्पष्टीकरण असं: कायम माणूस शाश्वती धरूनच कामाला लागलेला असतो, ती हलली की त्याला दगा झाल्यासारखं वाटतं. तात्पुरता माणूस ती धरूनच आलेला नसतो. ते देश वेगळे, तिथला बेकारी भत्ता वेगळा, म्हणून तो निष्कर्ष उचलून आपल्याकडे चिकटवता येणार नाही. पण त्यातून एक प्रश्न मला तुम्हाला विचारावासा वाटतो. आठ वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या बाईनं स्वतःला तात्पुरतं मानायचं तरी कसं? कागदावर तुम्ही कंत्राटी आहात, मनानं कायम झाल्या आहात. म्हणून दर ऑर्डरला तुम्हाला जो धक्का बसतो, तो गेल्या वर्षी लागलेल्या मुलाला बसत नसेल. तुमचं मन कच्चं आहे असा त्याचा अर्थ लावू नका.

1984 मध्ये लिओनार्ड ग्रीनहॅल्घ आणि झेहावा रोझेनब्लाट या दोघांनी नोकरीच्या असुरक्षिततेची मांडणी केली, तेव्हा धोक्याबरोबर हतबलतेवर भर दिला होता. नोकरी टिकवण्यासाठी माझ्या हातात काहीच नाही, ही भावना माणसाला जास्त खाते. धोका मी कमी करू शकत नाही, तुम्हीही नाही. हातात काय आहे ते मात्र बघता येतं.

आधी हे ओळखा की तुमची ऑर्डर आणि तुमचं काम यांच्या फाइली पुष्कळशा वेगळ्या आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनेत निधी केंद्र आणि राज्य 60:40 या प्रमाणात देतात, आणि पदं मंजूर होतात ती कार्यक्रम आराखड्यात. ते पद पुढच्या आराखड्यात राहील की नाही, हे तुम्ही फोटो किती वाजता टाकलेत यावर ठरत नाही. मूल्यांकन अहवालाला वजन आहे, ते नाकारून चालणार नाही. पण मूल्यांकनात तुमचं प्रयोगशाळेचं काम येतं. साहेबांच्या प्रत्येक शब्दाला दिलेला होकार त्यात कुठेच येत नाही.

म्हणून "नाही" म्हणायला शिका असं मी सांगणार नाही. तुमच्या जागी बसून ते सोपं नाही. त्याऐवजी विचारा, "मॅडम, आज 140 नमुने आहेत. नोंदी आजच हव्यात का उद्या सकाळपर्यंत चालतील? दोन्ही आज हव्या असतील तर फोटोला कुणाला तरी सांगता का?" नकार न देताही कामाचा क्रम ठरवण्याची जबाबदारी वरिष्ठांकडे जाते. बहुतेक एमओ स्वतःच कामात बुडालेले असतात, तुमच्याकडे किती आहे ते त्यांना दिसतच नाही. शिबिरात बोटाला टोचायच्या आधी नळीवर क्रमांक टाका, मुलीला स्वतःचं पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव सांगायला लावा, रजिस्टरवर लिहा आणि मगच पुढची मुलगी. एकाच नावाच्या दोघी आल्या तर त्यांच्यात दहा मुलं जाऊ द्या. आणि झालेल्या चुकांची एक साधी वही ठेवा: काय चुकलं, कसं कळलं, काय केलं. उद्या एमओंना द्यायचा कागद हे तिचं पहिलं पान. पुढे कधी कुणी बोट दाखवलं तर चूक लपवणाऱ्यांत नव्हे, नोंदवणाऱ्यांत तुमचं नाव असेल.

शिक्षा होईल का? बोलणी बसतील कदाचित, लेखी खुलासाही मागतील. होणारच नाही असं खोटं मी सांगणार नाही. पण स्वतः सांगितलेली चूक आणि सहा महिन्यांनी दुसऱ्यानं काढलेली चूक यांत किती अंतर असतं, ते काकांच्या बाबतीत मी पाहिलं आहे.

दुसरी फाइल घरची. आठ वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी, प्रत्येक रुजू अहवाल, मूल्यांकनाच्या प्रती, पगार जमा झालेल्या पासबुकाची पानं, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं. मूळ कागद घरी आणि फोटो मोबाइलमध्ये. खंडाच्या दिवसांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. हे मी कंत्राटी असलेल्या सगळ्यांनाच सांगते, तासिकेवरच्या प्राध्यापकांना आणि एजन्सीमार्फत लागलेल्या ऑपरेटरलाही. कायद्याची बाजू दोन्हीकडून समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 10 एप्रिल 2006 च्या उमादेवी निकालात सांगितलं की कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा केली म्हणून कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो निकालात त्याच न्यायालयानं बजावलं की उमादेवीचा आधार घेऊन वर्षानुवर्षं आवश्यक काम करणाऱ्यांना तात्पुरतं म्हणत राहता येणार नाही. आपल्या राज्यात अभियानातल्या दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा, शासन निर्णय 14 मार्च 2024 ला निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचारी संपावर गेले. तुमची आठ वर्षं झाली आहेत. तुमचं पद त्यात बसतं का, खंडाचे दिवस कसे धरतात, हे संघटनेच्या तालुका पदाधिकाऱ्यांना जाऊन विचारा. चहाच्या टपरीवरच्या ऐकीव माहितीवर दोन वर्षं काढू नका.

पत्रात नाही, पण तुमच्यासारख्या तरुण बहिणी वाचत असतील म्हणून लिहिते. बाळंतपण आलं म्हणून ऑर्डर संपू देऊ नका. ऑगस्ट 2023 मध्ये कविता यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पात्र महिलेचा मातृत्व लाभ कंत्राटाची मुदत संपल्यानं मधेच तुटत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट पैशाची. दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर एमओंपुढे तुमचा आवाज आपोआप वेगळा निघेल. सोयाबीन सोंगायला आलं आहे. विकल्यावर सगळा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत जायच्या आधी थोडा तुमच्या नावावर वेगळा टाका. हे नवऱ्याशी भांडून करायचं नाही, "माझी ऑर्डर थांबली तर दोन महिने आपण काय करू?" असं विचारत, दोघांनी हिशोबाला बसून करायचं. शिवाय तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञाला काय देतात, ते एकदा चौकशी करून माहीत करून घ्या. जायचं म्हणून नाही. दुसरं दार आहे हे माहीत असलं की माणूस या दारात ताठ उभं राहतं.

भीती गेली तर मी तशी होईन का, असं तुम्ही विचारलंत. खांदशेकणीच्या त्या संध्याकाळी बाबा काकांवर खूप चिडले. जेवणं झाल्यावर मात्र त्यांनी काकांना ओसरीवर बोलावलं आणि पाडव्याला सहा-सात महिने असताना पुढचं साल तिथेच बोलून टाकलं. त्यानंतर काका तांबडं फुटायच्या आधी यायचे थांबले. उजाडल्यावर येऊ लागले. पण आठवडाभरातच ते स्वतःहून सांगायला आले की विहिरीचा नाडा झिजला आहे, आणि मागच्या कोठीत खताची दोन पोती ओलावली आहेत. तोवर असं काही सांगायला ते कधी आले नव्हते. तुम्हाला बोलावून असं सांगणारं सध्या कुणी नाही, हे मला कळतं. म्हणून तर वही, फाइल, संघटना आणि बाजूला टाकलेले पैसे, यांतून तुम्हालाच तेवढी ओसरी उभी करावी लागणार आहे.

आणि एक. दिवाळीच्या सुट्या लागल्या की आश्रमशाळेच्या मुली आपापल्या पोडांवर (वस्त्यांवर) जातात, मग पत्ता काढत फिरावं लागेल. कुणी सोयाबीनच्या कामाला आईबापाबरोबर बाहेरगावीही जाईल. शाळेच्या अधीक्षिकांकडून सुटीची तारीख आजच विचारून घ्या, आणि एमओंशी बोलताना ती तारीख कागदावर लिहिलेली असू द्या. दोघींच्या दुसऱ्या तपासणीचे निकाल आले की मला दोन ओळी कळवा. मी वाट पाहते.